ओव्हरसियरच्या घरातला धूर

माझे बाबा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रविवारी सकाळी आमच्या ओसरीपुढं चपलांची रांग लागायची. कुणाला नवं घर बांधायचं असे, कुणाच्या भिंतीला भेग गेलेली असे, कुणाची चौकट उधईनं पोखरलेली असे, आणि सगळ्यांना बाबांचा सल्ला हवा असे. बाबा तो फुकट देत, भरभरून देत, आणि तो चांगला असे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला वाटेल की माणूस बिनअकली होता. बिनअकली असता तर मला एवढा राग आलाच नसता.

वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार नागपूरचा आणि हुकूम इंग्रजाचा, असा तो काळ. अमरावतीत कापसाला बरे दिवस आले की लगेच घरांवर टिनाचे पत्रे चढत. ज्याच्या घरावर टिन तो सुधारलेला, ज्याच्या घरावर मातीचं धाबं तो मागासलेला, अशी सरळ वाटणी होती. त्यात बाबांसारखा माणूस म्हणजे लोकांना देवच. काळ्या जमिनीत पाया कसा घ्यायचा, हे त्यांच्यासारखं कुणी सांगत नसे. आमच्याकडची काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, तिच्यावर भिंत उभी केली की भिंतही तिच्याबरोबर हलते. म्हणून जुनी माणसं काळीत पेरत आणि गावठाणाच्या पांढरीत राहत. ज्याला काळीतच बांधायचं त्यानं मुरूम लागेपर्यंत खणावं, पायाशी पाणी साचू देऊ नये, भिंतीला लागून झाड लावू नये. टिनाला खिळा मारायचा तो पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगटात नाही, नाहीतर पहिल्याच पावसात घर गळेल. चुन्यात बेलफळाचं पाणी घालावं. हे सगळं मी ओसरीच्या दाराआड उभी राहून इतक्यांदा ऐकलं की आजही झोपेत म्हणून दाखवीन.

सल्ला फुकट, पण चहा तर लागेच. तो मायेनं करायचा. आता माय चहा कुठं करायची, ते सांगते.

आमच्या स्वयंपाकघरावर पूर्वी धाबं होतं. धाब्याला चुलीच्या वर एक भोक ठेवलेलं होतं, त्याला सानं म्हणत. धूर तिथून जायचा, उजेड तिथून यायचा, आणि पाऊस आला की माय शिडीवर चढून त्यावर फुटका माठ पालथा घालायची. आमच्या पणज्यांना एवढी अक्कल होती. बाबांना मात्र त्या धाब्याची लाज वाटायची. ओव्हरसियरच्या डोक्यावर माती, लोक काय म्हणतील? मी सात वर्षांची असताना त्यांनी धाबं उतरवून अख्ख्या घरावर टिन घातलं. बैठकीला मेळघाटातल्या सागाच्या फळ्यांचं छत केलं. स्वयंपाकघरात टिन आणि भिंत यांच्यामध्ये जी फट राहिली ती त्यांनी विटा आणि चुना भरून पक्की बंद केली, कारण अशा फटीतून चिमण्या आणि उंदीर येतात. काम इतकं नीट झालं की मुंगीला आत यायला जागा उरली नाही. आणि धुराला बाहेर जायला.

आमच्याकडं जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापूस वेचून झाला की उरलेली झुडपं उपटून गाडीभर आणायची आणि वर्षभर जाळायची. पऱ्हाटी वाळलेली असली तर बरी जळते, पण पावसाळ्यात जरा ओल लागली की नुसती धुमसते. भाकरी तर लांबून होत नाही, चुलीत वाकूनच भाजावी लागते. टिन बसल्यावर पहिल्याच दिवशी माय पदरानं डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "धूर निंगून नाई राहिला वो."

"निंगंन, निंगंन," बाबा म्हणाले. "धुराडं करनार हाये मी तठी. चिखलदऱ्यासारखं."

चिखलदऱ्याला बाबांनी एका साहेबाच्या बंगल्यात आगटी आणि तिच्यावर धुराडं बांधलं होतं, आणि ते त्यांचं आयुष्यातलं सर्वांत आवडतं काम होतं. धुराड्याचा गळा अरुंद हवा, मग ते वर रुंद करायचं, त्याचं तोंड आढ्याच्या वर हातभर तरी गेलं पाहिजे, नाहीतर वारा धूर उलटा खाली दाबतो. या विषयावर बाबा अर्धा तास बोलू शकत, आणि बोलत. आमच्या स्वयंपाकघरासाठी त्यांनी तसाच नकाशा काढला, मोठ्या कागदावर, निळ्या शाईनं, मापं घालून. तो बैठकीत कपाटावर गुंडाळून ठेवलेला असे. आलेल्यांना ते कधीकधी उलगडून दाखवत. माणसं माना डोलवत, आणि आतून माय खोकत असे.

पुढं लग्न झाल्यावर मी एकदा चिखलदऱ्याला गेले तेव्हा मुद्दाम तो बंगला पाहायला गेले. चौकीदारानं उघडून दाखवला. मी आगटीत वाकून वर पाहिलं. धुराडं आतून कोरंच्या कोरं होतं. साहेब लोक तिथं येत ते उन्हाळ्यात. उन्हाळ्यात आगटी कोण पेटवतं? मी तिथंच उभी राहून मोठ्यानं हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं.

आमचं धुराडं मात्र व्हायचंच होतं. आधी पक्क्या विटा चांगल्या मिळेनात, मग गवंडी मनासारखा मिळेना, मग बाबांची फिरती. मायेनं एक दिवस सोपी वाट काढली. "धुराडं होईन तवा होईन," ती म्हणाली, "तवरोक उगवतीच्या भितीले एक खिडकी तं पाडून द्या. गावाच्या परकोटाच्या भितीलेई खिडक्या हायेत, माह्या सैपाकघराले एक नाई."

उगवतीच्या भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचं अंगण होतं. शेजारी मणियार, बांगड्यांचा धंदा. घरधनी चाचा बाजारात दुकानावर बसत आणि त्यांची बायको, आमची खाला, टोपली घेऊन घरोघर बायकांना बांगड्या भरायला जायची. आमच्या आळीतला एकही मनगट असं नव्हतं जे तिनं हातात घेतलेलं नाही. पण तिच्या सुना पडद्यात असत आणि त्या अंगणात वावरत.

बाबा गंभीर झाले. "दुसऱ्याच्या आंगनात खिडकी काढत नसते कोनी. त्याहीच्या घरी पडदा हाये. चाचा भला मानूस, तोंडानं काई म्हननार नाई. पन आपल्याले समजाले नको?"

बोलणं शहाणपणाचं होतं. आमच्याकडं तो रिवाजच होता, आणि चांगला रिवाज होता. शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारी खिडकी पाडायची नाही, त्याच्या भिंतीवर आपलं पाणी पाडायचं नाही. माय चुलीकडं परतली. पण ओव्हरसियर असलेल्या माणसाला हे सुचू नये, की खिडकी डोक्याच्या वर असली तर डोकावतं कोण? की पलीकडं जाऊन चाचांना एकदा विचारावं? नाही सुचलं. नकाशा तयार होता ना. चांगलं काम होणार असताना अर्धवट काम कशाला करायचं, हा बाबांचा हट्ट होता. पायाच्या बाबतीत तो हट्ट बरोबर आहे. धुराच्या बाबतीत तो हट्ट म्हणजे शुद्ध छळ होता, आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

अशी चार वर्षं गेली.

मायेचे डोळे आधी लाल राहू लागले, मग सकाळी चिकटू लागले, मग उजेडात गेलं की पाणी वाहू लागलं. तिनं गुलाबपाणी घालून पाहिलं, धने भिजवून पाहिले, कुणी सांगितलं म्हणून पापण्यांवर तोंडली चोळूनही पाहिली. मायेला अक्षर येत होतं, तिच्या वडिलांनी घरी शिकवलं होतं, आणि त्या काळात आमच्या आळीत हे मोठं अप्रूप होतं. श्रावणात दुपारी ती पोथी वाचायची आणि आजूबाजूच्या दहा-बारा बाया वाती वळत ऐकायला बसायच्या. वर्षभर चुलीपुढं वाकलेली माय त्या एका महिन्यात पाटावर ताठ बसलेली दिसायची. ती पोथी तिनं हळूहळू लांब धरायला सुरुवात केली. मग अगदी जवळ धरायला.

मामा अकोल्याला राहत. तिथं डोळ्यांचे एक चांगले डॉक्टर आलेत असं त्यांनी कळवलं, तेव्हा बाबांनी रजा काढली आणि आम्ही तिघं बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो. हे त्यांचं श्रेय आहे आणि ते मी त्यांना देते. मायेकडं त्यांचं दुर्लक्ष नव्हतं. त्यांचं लक्ष फक्त भलतीकडं होतं.

डॉक्टरांनी गावाबाहेर एका शेतात नवं घर बांधलं होतं आणि पुढच्या खोलीत दवाखाना मांडला होता. त्यांनी मायेला खिडकीपाशी बसवलं, पापण्या उलटून पाहिल्या, भिंगातून पाहिलं, आणि विचारलं, "स्वयंपाकघरात धूर फार असतो का?"

"असते," माय म्हणाली.

डॉक्टर बाबांकडं वळले. "डोळ्यात घालायचं औषध देतो. पण धूर बंद झाल्याशिवाय औषधाचा काही उपयोग नाही. बुबुळावर डाग धरायला लागलेत. नवे डाग पडू नयेत एवढं आपल्या हातात आहे. पडलेला डाग जात नाही, हे ध्यानात ठेवा."

"हो, हो," बाबा म्हणाले. पण ते डॉक्टरांकडं पाहत नव्हते. डॉक्टरांच्या मागच्या भिंतीला कोपऱ्यातून खालपर्यंत भेग गेलेली होती, बोट जाईल एवढी. "डॉक्टरसाहेब," बाबा म्हणाले, "ही भेग केव्हापासून आहे?"

झालं. डॉक्टरही घर बांधलेला माणूस. दोघं बाहेर गेले. मायेच्या डोळ्यात औषध घातलेलं होतं आणि डोळे मिटून बाकावर बसायला सांगितलं होतं. दारातून मला दिसत होतं, बाबा छत्रीच्या टोकानं पायाशी माती उकरत होते, उकिडवे बसत होते, उठत होते, कडुलिंबाच्या झाडाकडं बोट दाखवून मान हलवत होते. भिंतीच्या कडेनं चर खणा, त्यात मुरूम भरा, पावसाचं पाणी लांब काढून द्या, आणि तो निंब तिथून हलवा. डॉक्टर वहीत टिपून घेत होते. तासभर चाललं.

"का करून राहिले वो ते?" मायेनं मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"डाक्टरच्या भितीले औषध सांगून राहिले," मी म्हणाले.

माय हसली. मला हसू आलं नाही. मी अकरा वर्षांची होते आणि त्या दिवशी, अकोल्याच्या त्या बाकावर, मला पहिल्यांदा बाबांचा राग आला. मोठ्या माणसाचा राग येणं पाप असतं असं मला शिकवलेलं होतं, म्हणून मी तो गिळला. परतीच्या गाडीत बाबा खुशीत होते. "लय चांगला मानूस हाये डाक्टर," ते म्हणाले. "पन पाया वाया गेला त्याचा." धुराड्याचं काय, असं मायेनं विचारलं. दिवाळीनंतर, ते म्हणाले. पावसाळ्यात बांधकाम कुणी काढतं का?

त्या वर्षी श्रावणाच्या पहिल्याच दुपारी मायेनं पोथी उघडली, दोन ओळी वाचल्या आणि थांबली. बाया वाट पाहत होत्या. तिनं पोथी माझ्याकडं सरकवली. "तू वाच वो. अक्षरं चालून राहिले मुंग्यावानी." मी वाचलं. अडखळत वाचलं. माय पाटावरून उतरून बायांमध्ये जाऊन बसली आणि वाती वळू लागली, आणि तिच्या वाती वाकड्या होत होत्या. आमच्याकडच्या बाया इतर वेळी तोंडाला येईल ते बोलतात, पण त्या दिवशी सगळ्या खाली माना घालून बसल्या.

नागपंचमीच्या आधी खाला बांगड्या भरायला आली. बाबा तेव्हा सेमाडोहला गेले होते. जंगलातल्या विश्रामगृहाचं छप्पर गळत होतं ते पाहायला ते बैलांच्या दमणीनं गेले आणि मग नाल्यांना पूर आल्यानं तिकडंच अडकले. मायेनं टोपलीतून हिरव्या बांगड्या निवडून खालाच्या हातात दिल्या. खालानं त्या उजेडात धरल्या. त्यातल्या तीन तडकलेल्या होत्या.

"बाई, ये तो टूटेली है. तुमको दिखी नहीं?"

मायेनं मग सगळं सांगितलं. धुराचं, अकोल्याचं, डागांचं, दिवाळीनंतरच्या धुराड्याचं. खिडकीचंही सांगितलं, की तुमच्या अंगणाकडं काढायची होती पण तुमच्या घरी पडदा आहे म्हणून यांनी नाही म्हटलं.

खालानं टोपली बाजूला सारली. ती इतकी चिडली की तिचा आवाज शेजारपाजारी गेला असेल. "हमारे पडदे के वास्ते? अरे, हमसे पूछा किसने? मेरे से पूछा? मेरी बहुओं से पूछा? चार साल से तुम आँखें जला रही हमारे पडदे के वास्ते, और हमको मालूमच नहीं!" मग तिनं आमच्या स्वयंपाकघरात येऊन भिंत पाहिली, वर टिनाकडं बोट केलं आणि म्हणाली, "उधर ऊपर छेद पाडो. वहाँ से देखना है तो ऊँट पे बैठ के देखना पडेगा. मेरे अंगने में कोई ऊँट नहीं है."

चार वर्षांत एवढं एक वाक्य कुणाला बोलता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी खणायचं नाही, चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून आम्ही थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मायेनं आधी चूल सारवली, आंघोळ केली, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि लाकडी पेटीवर उभी राहिली. हातात लोखंडी सबल. पलीकडून खाला आणि तिच्या दोन सुना बाजेवर चढल्या. मी पेटी धरून बसले. भिंतीचा वरचा भाग कच्च्या विटांचा होता, आणि बाबांनी ज्या फटीत विटा कोंबल्या होत्या तिथून सुरुवात केली की बाकीचं सोपं जाईल, हे मायेनं नुसत्या हातानं चाचपून ठरवलं. वळचण पलीकडं हातभर पुढं आलेली होती, म्हणून पाऊस आत येणार नव्हता. हेही तिला माहीत होतं. एवढी वर्षं ती ओसरीवरचा सल्ला ऐकतच चहा करत होती ना.

पहिल्या घावाला नुसता चुना पडला. चौथ्या-पाचव्या घावाला वीट हलली. मग पलीकडून खालानं ओढली आणि एकदम उजेड आला. तिकडून सुनांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या सुनेनं हात उंच करून भोकाला शिवायचा प्रयत्न केला, तिचा हात पुरला नाही, आणि पडद्याचा प्रश्न तिथंच संपला. मायेनं चूल पेटवली. ओल्या पऱ्हाट्यांचा धूर वर गेला, टिनाखाली थोडा घुटमळला आणि भोकाकडं निघाला. माय चुलीपुढं बसली आणि रडायला लागली. धुरानं डोळ्याला पाणी येणं मला माहीत होतं, हे ते नव्हतं.

आंघोळीपासून भाकरीपर्यंत सारं एका सकाळीत उरकलं. ना नकाशा, ना गवंडी. म्हणून कुणी घर बांधायला निघालं की मी त्याला सांगते, पाया, टिन, चुना हे सगळं मागाहून. आधी चूल मांडायची तिथं ओल्या पऱ्हाट्या पेटव आणि स्वतः तासभर बस. तुझी आई, तुझी बायको बसणार आहे तिथं तू बस. उठून जावंसं वाटलं तर तेव्हाच धुराला वाट कर, मग हवी तेवढी शोभा कर. लोकांना हे चमत्कारिक वाटतं. वाटू दे.

बाबा आठवड्यानं परत आले. स्वयंपाकघरात शिरले आणि वर पाहत उभे राहिले.

"हे कोनं केलं?"

"मी," माय म्हणाली.

"पावसाळ्यात भित फोडते कोनी? वरती लाकूड नाई, पट्टी नाई. अंगावर आली असती ना भित!" त्यांनी खिशातून माप काढलं. "आनि सरळ बी नाई." मग त्यांना शेजाऱ्यांची आठवण झाली आणि त्यांचा चेहरा उतरला. कोट घातला, टोपी घातली, आणि चाचांची माफी मागायला निघाले. मी मागोमाग गेले.

चाचा ओसरीवर बसले होते. बाबांनी हात जोडले, माझ्या मागं न विचारता झालं म्हणाले, आपल्या घरच्या पडद्याचा आम्हाला फार मान आहे, मी असतो तर होऊ दिलं नसतं. चाचा ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, माफी कायची? मले तं उलटंच वाटे. मी म्हनो, आमच्या हांडीचा वास तुमाले चालत नसंन, म्हनून तुमी इकडे खिडकी काढत नाई. म्हनून मी बी कधी गोष्ट काढली नाई. तुमाले वाईट वाटू नये."

बाबा चमकले. "नाई, नाई, तसं काई नाई!"

"आमचं बी तसं काई नाई!"

आणि दोघं हसू लागले. एकमेकांना पान दिलं, सुपारी दिली. तुम्ही किती समजूतदार, नाही तुम्हीच किती समजूतदार, असं बराच वेळ चाललं. पडद्याआड खाला उभी होती, ती हसत नव्हती. मीही हसत नव्हते. दोघंही खरोखर भले होते, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. ह्यानं त्याच्या मनाला जपलं, त्यानं ह्याच्या मनाला जपलं, आणि मधल्या भिंतीशी एक बाई चार वर्षं धुरात बसली. तिच्या मनाला जपायचं कुणाला आठवलं नाही. असल्या सभ्यतेला आग लावावी असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गवंडी बोलावला, भोक चौकोनी करून घेतलं, वर सागाची पट्टी टाकली, कडांना चुना लावला. सुरेख झालं. अर्ध्या दिवसाचं काम.

त्यानंतर दोन-तीन रविवारांनी वलगावचा एक माळी आला. भाजीचा मळा होता, नवं घर बांधत होता, आणि त्यानं आपणहून विचारलं की साहेब, सैपाकघरात धूर लय कोंडते, काय करावं? बाबा खुलले. "भितीच्या वरती, टिनाच्या खाली भोक ठेवायचं," ते म्हणाले. "म्या घरी करून पाह्यलं हाये."

म्या करून पाह्यलं! मी दाराआड दात खाल्ले. तेवढ्यात मागून माय आली आणि माझ्या पुढं जाऊन उंबऱ्यात उभी राहिली. परपुरुषांसमोर ती कधी येत नसे. पदर डोक्यावर ओढून घेतलेला होता आणि ती त्या माणसाच्या जरा बाजूला, खांबाकडं पाहत होती, कारण खांब कोणता आणि माणूस कोणता हे तिला नीट कळलं नव्हतं.

"दादा, तुमच्या घरी सैपाक कोन करते?"

माळी गडबडला. "घरची करते बाई."

"तं तिले आनलं काहून नाई? पुढच्या खेपेले तिले घेऊन या."

बाबा काहीतरी म्हणणार होते, पण माय आत निघून गेली.

पुढच्या रविवारी तो खरंच बायकोला घेऊन आला. अठरा-वीस वर्षांची असेल, कडेवर पोर, दुसऱ्या हातात भेंड्यांची पुरचुंडी. तो ओसरीवर बाबांपाशी बसला आणि ती आत आली. मायेनं तिला चुलीशी बसवलं, भोक दाखवलं, ओली पऱ्हाटी घालून धूर कसा जातो तेही दाखवलं. मग तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि स्वतःचं तोंड इतकं जवळ नेलं की ती पोरगी बिचकली. "लाल राह्यतेत का वो डोये तुये?" मायेनं विचारलं. राहतात, ती म्हणाली, सकाळी चिकटतातही. मग तिनं वर भोकाकडं पाहिलं आणि विचारलं, "मावशी, आता तुमाले बरं दिसत असंन ना?"

माय चुलीतली पऱ्हाटी मागं ओढत होती. तिनं हात थांबवला नाही.

"धूर गेला वो बाई, डोये काई वापस नाई आले. तू घरी गेली का आजच पाड."

ओसरीवर बाबांनी माळ्यापुढं धुराड्याचा नकाशा उलगडला होता, तो त्यांनी तसाच गुंडाळून ठेवला.